डाव्या बाजूचा ठेचा

गोजराबाई: म्हणजे डॉक्टरसाहेबांनी तुझ्यासमोर एक बोट धरलं, किती दिसतात विचारलं, आणि तू म्हणालास 'लाभ'?

झुंबर: मग काय म्हणणार, आक्का? पहिल्या मापाला एक म्हणत नाय कुणी. लाभ, दोन, तीन. तीस वर्षं नामपूरच्या बाजारात मापाडी हाय मी. दिवसभर कांदा तोलून तोलून जिभेला दुसरं वळणच राहिलं नाय.

गोजराबाई: ते बिचारे शहरातले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग मला बोलावणं पाठवलं. म्हणाले, बाई, तुमचे बंधू काय सांगताहेत ते जरा मला सांगा. वीस वर्षं या डोळ्यांच्या दवाखान्यात आया आहे मी. भावानं पहिल्याच दिवशी नाव काढलं.

चंद्रभागा: दोन बोटं धरली तेव्हा तरी दोन म्हणाले. मला वाटलं, आता 'गोणी भरली, उचला' म्हणतात की काय.

झुंबर: हिला आत कुणी बोलावलं होतं? डोळे माझे, तपासणी माझी, आणि ही भिंतीला टेकून हसती.

चंद्रभागा: आत न्यायला तरी कुणी पाहिजे ना. तरी दाराच्या चौकटीला खांदा आपटलाच.

झुंबर: चौकट अरुंद हाय.

गोजराबाई: त्या चौकटीतून पेशंट झोपवून गाडी आत नेतो आम्ही, झुंबर.

झुंबर: ते जाऊ दे. सीबीएस स्टँडवरून दोनची सटाणा गाडी गावंल का तेवढं सांग. डोळ्याचं काय ते कळलं. मोती हाय. पिकला की काढायचा. तोवर इथं बसून काय करू? चैत लागला, उन्हाळ कांदा बाजारात आलाय, ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत.

गोजराबाई: मोती आहे असं कोण म्हणालं?

झुंबर: सगळेच म्हणतात. आप्पांनाबी मोतीच होता.

गोजराबाई: डॉक्टर काय म्हणाले ते विचारते मी.

झुंबर: डॉक्टर बोलत होते, पण माझं ध्यान त्यांच्या काट्याकडं होतं.

चंद्रभागा: आता तिथं कसला काटा?

झुंबर: तू बाहेर गेलीस ना, त्यानंतर. मला उताणं निजवलं. दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून बधिर केले. मग बोटाएवढं एक यंत्र काढलं, वर बारीक काटा, खाली वजन, आणि ते उभं धरलं थेट बुबुळावर. अगं, जन्मभर मी कांदा तोलला, आज कुणीतरी माझा डोळा तोलला.

गोजराबाई: आणि तू गप्प पडून राहिलास?

झुंबर: गप्प कसा राहीन? मी विचारलं, डॉक्टर, धडा केला का?

चंद्रभागा: अरे देवा.

झुंबर: देवा काय? रिकामा काटा बरोबर मधे उभा राहतो का, हे बघितल्याबिगर माप खरं कसं धरायचं? पण माणूस मोठा. रागावला नाय. डब्यात एक पोलादी ठोकळी होती, तिच्यावर यंत्र ठेवलं. मला उठवून बसवलं आणि दाखवलं, बघा मामा, शून्य. तेव्हा मी म्हणलं, आता तोला.

गोजराबाई: आजवर हजारो डोळे त्या यंत्राखालून गेले. धडा विचारणारा तूच पहिला. दुपारी चहाच्या वेळी सगळ्या दवाखान्यात पसरेल ही गोष्ट. बरं, माप किती आलं?

झुंबर: डॉक्टर आकडा पुकारत होते आणि सिस्टर लिहीत होती. डाव्या डोळ्याला काटा जरासाच हलला म्हणे. उजव्याला थोडा जास्त.

गोजराबाई: आणि तुला वाटलं, कमी हलला म्हणजे चांगलं?

झुंबर: हलका निघाला ना डोळा.

गोजराबाई: उलटं आहे ते. डोळा मऊ असला की वजन आत रुततं आणि काटा पळतो. डोळा घट्ट असला की काटा जागचा हलत नाही. तुझा डावा डोळा दगड झालाय, झुंबर. उजवा त्याच वाटेनं निघालाय. हा कागद बघ, डॉक्टरांनी माझ्या हातात दिलाय. मोतीबिंदू नाही तुला. काचबिंदू आहे.

झुंबर: काच काय नि मोती काय. पिकला की दोन्ही काढत असतील.

गोजराबाई: हा पिकत नाही.

झुंबर: ही बघ, सुरू झाली. चंद्रभागे, हिच्याकडं चार दिवस राहिलो, तर चार दिवसांत अख्ख्या आळीला रोग निघाले. शेजारच्या सुलाबाईचा नातू दिवेलागणीला उंबऱ्यात ठेचकाळला, तर ही म्हणाली रातांधळेपणा, पपई द्या, शेवग्याचा पाला द्या. दूधवाल्याच्या पापणीवर फोड आला, तर रांजणवाडी, शेका. पोस्टमन डोळे चोळत आला, तर त्याला दारातूनच हाकलला, डोळे आलेत, कागद तिथंच ठेव, हात लावू नको.

चंद्रभागा: आणि मला चाळिशी लागली म्हणाल्या. पंचावन्न झाली की मला.

गोजराबाई: सुईत दोरा ओवताना सुई हातभर लांब नेतेस. अजून थोड्या दिवसांनी दोरा इकडे आणि सुई गंगेच्या पल्याड. त्याला चाळिशीच म्हणतात, वय कितीही असो. चष्मा लावला की झालं. पण याचं तसं नाही. झुंबर, नीट ऐक. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग धुरकट होणं. दुधावर साय धरावी तसं. त्यात समोरचं सगळंच पुसट दिसतं, आणि ते भिंग काढलं, जाड चष्मा लावला, की माणूस परत बघतो. तुला आज भिंतीवरचा तक्ता दाखवला ना, तीन पायांच्या खुणा असलेला?

झुंबर: पार खालच्या ओळीपर्यंत सांगितल्या. कुणाचे पाय वर, कुणाचे आडवे. एक चुकली नाय. मग डोळे बरेच की माझे.

गोजराबाई: हेच तर. मोती असता तर खालची ओळ दिसली असती का? काचबिंदू वेगळा. डोळ्यात आतल्या आत थोडं पाणी तयार होत असतं आणि झिरपून जात असतं. ती मोरी तुंबली की पाणी साचतं, दाब वाढतो आणि मागची शीर दबते. शीर सुकते ती कडेकडेनं. मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. सांग, रात्री दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का कधी?

झुंबर: ते कंदिलाच्या काचेमुळं.

चंद्रभागा: कंदील जाऊन बल्ब आला घरात. कडं तसंच आहे म्हणे.

झुंबर: तू कुणाच्या बाजूनं हायेस?

चंद्रभागा: आक्का, डोळ्याचं राहू द्या. त्या डॉक्टरांना सांगून यांची जीभ तपासून घ्या. तीन वर्षं झाली, माझ्या हातचा ठेचा खात नाहीत. कांद्यासाठी रस्ते अडवले होते ना लोकांनी, त्या सालापासून.

झुंबर: बघ आता, खोटं किती बोलावं माणसानं. आक्का, ठेच्याबिगर भाकर उतरत नाय मला, हे तुला तर लहानपणापासून ठावं हाय. हिनंच करायचा सोडलाय.

चंद्रभागा: मी सोडला? महिनाभर रोज वाढत होते. लसूण घालून, तव्यावर रगडून. रोज ताट उचलायला जावं तर ठेचा जिथल्या तिथं. बोट लावलेलं नाही. बोलले का काही? नाही. मग मीही म्हटलं, नको तर नको. त्या दिवसापासून तव्यावर मिरची टाकली नाही.

झुंबर: मला वाटलं, तू रागानं वाढत नायेस. त्या शेळीवरून बोललो होतो ना तुला.

चंद्रभागा: मग विचारायचं होतं.

झुंबर: ठेचा काय मागून खायचा असतो? आणि तू का नाय विचारलं?

चंद्रभागा: केलेलं आवडत नाही ते काय वरून विचारायचं?

गोजराबाई: थांबा. दोघंही गप्प बसा जरा. चंद्रभागा, तो ठेचा तू ताटात कुठं वाढायचीस?

चंद्रभागा: कुठं म्हणजे? डावीकडं. मीठ, लिंबू, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी हातावर चापट मारून शिकवलंय.

गोजराबाई: डबा आणलाय ना सकाळचा? सोड.

(दवाखान्याच्या ओसरीत, बाकावर, गोजराबाई डबा उघडून स्टीलच्या ताटात वाढते आणि ताट झुंबरपुढे ठेवते.)

गोजराबाई: आता मान हलवायची नाही. मधल्या भाकरीकडे बघ. नजर तिथंच ठेव. आणि ताटात काय काय आहे ते सांग.

झुंबर: मला काय बालवाडीत घातलंय?

गोजराबाई: मापाडी आहेस ना? माल पुकार.

झुंबर: भाकरी. बाजरीची. इकडं वांग्याची भाजी, त्याच्या पुढं डाळ. झालं.

गोजराबाई: झालं?

झुंबर: झालं की. ठेचा कुठाय? तू तरी करशील असं वाटलं होतं.

चंद्रभागा: अहो...

गोजराबाई: चंद्रभागा, बोलू नकोस. झुंबर, मी ताट फिरवते. फक्त ताट. तू भाकरीकडेच बघत राहा. आता?

झुंबर: आता हा ठेचा आला. कांद्याच्या फोडी आल्या. लिंबू. हे आत्ता वाढलंस ना, हात फिरवताना?

गोजराबाई: विचार तिला.

चंद्रभागा: मघापासून होता. आक्कांनीच केला, आक्कांनीच वाढला. तुमच्या डोळ्यांदेखत.

झुंबर: परत फिरव.

गोजराबाई: हे घे.

झुंबर: गेला. अजून एकदा फिरव.

गोजराबाई: आला?

झुंबर: आला.

चंद्रभागा: तीन वर्षं मी रुसून बसले होते हो. कुणावर रुसले होते मी?

गोजराबाई: डॉक्टरांनी हेच सांगितलंय, मी तुमच्या भाषेत सांगते. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याची नाकाकडची बाजू जायला लागली. दोन्ही मिळून याची डावी बाजू रिकामी झालीय. काळोख दिसत नाही तिथं, काहीच दिसत नाही, म्हणून काही कमी आहे असंही वाटत नाही.

झुंबर: म्हणजे ती शेळी.

गोजराबाई: कुठली शेळी? मघापासून शेळी शेळी चाललंय.

चंद्रभागा: बाजारात लहान माल पारड्याच्या काट्यावर तोलतात ना, तिथं. हे माप पुकारत होते, आणि डाव्या पारड्यात तोंड घालून शेळी कांदे खात होती. सगळा बाजार हसला. धोंडीराम हमाल ओरडला, 'हाऊ मापाडी आंधया शे का?' आंधळाच म्हणाला यांना. घरी येऊन माझ्यावर खेकसले, की शेळी आपली होती, मी सोडली.

झुंबर: आपलीच होती.

चंद्रभागा: आपलीच होती. म्हणून तर हक्कानं खात होती.

झुंबर: हसू नका. आक्का, एक विचारतो, खरं सांग. एक पारडं मला दिसतच नव्हतं. मग तीन वर्षं मी लोकांचा माल खोटा तोलला का? माणसं माझ्या शब्दावर गोणी शिवतात. माझ्या बापानं कधी काट्याला बोट लावलं नाय, मी लावलं नाय. आणि आता तू म्हणतीस, अर्धा काटा मला दिसतच नव्हता.

गोजराबाई: काटा कुठं असतो?

झुंबर: मधे. दांडीच्या मधोमध.

गोजराबाई: तो दिसत होता?

झुंबर: केसाएवढा कलला तरी दिसतो. आजबी.

गोजराबाई: मग माप खरं होतं. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं म्हटलं ना मी. तुझं एकही माप खोटं नाही.

चंद्रभागा: शेळीनं खाल्लं तेवढं सोडून.

झुंबर: ते मी भरून दिलं होतं, दोन किलो कांदे जास्तीचे. बरं, आता डावा डोळा परत कसा आणायचा ते सांग.

गोजराबाई: तो येत नाही. गेलेलं परत येत नाही, झुंबर. दाब उतरला तर उजव्यात राहिलंय तेवढं राहतं. त्यासाठी थेंब. दिवसातून चार वेळा, रोज, जन्मभर. आठ दिवस माझ्याकडे राहायचं. मग परत डोळा तोलायचा. दाब उतरला नसला तर छोटं ऑपरेशन, पाण्याला नवी वाट करून द्यायला.

झुंबर: जन्मभर? आणि ते थेंब चुरचुरतात. आत्ता सिस्टरनं एकदा टाकले ते, कपाळ ठणकायला लागलंय. मला तर आधीपेक्षा अंधारलेलं वाटतंय. औषधानं डोळा बिघडायचा. आणि बाजार समितीला कळलं तर बिल्ला काढून घेतील छातीवरचा. नको. सावकाश बघू. दिवाळीनंतर.

गोजराबाई: आप्पाही असंच म्हणायचे.

झुंबर: आप्पांचं वेगळं होतं. त्यांना मोती होता.

गोजराबाई: कुणी बघितला होता मोती? वैदू म्हणाला, पिकू द्या. आपण म्हटलं, पिकू द्या. ओसरीवर बसून पिकायची वाट बघत गेले आप्पा. आधी कडेच्या खांबाला आपटायचे, मग भिंतीला हात लावून चालायचे, मग बसलेच. मी इथं नोकरीला लागले आणि दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्याला चौकटीला आपटताना बघितलं, तेव्हा मला कळलं आपल्या बापाला काय झालं होतं. हे रक्तातून येतं.

झुंबर: रक्तातून येतं तर तुला का नाय आलं?

गोजराबाई: ही बाटली बघ.

चंद्रभागा: ही तर तुमच्या कमरेच्या पिशवीत असते. मी विचारलं तर गुलाबपाणी म्हणालात.

गोजराबाई: सहा वर्षं झाली. चार वेळा. पहिले आठ दिवस माझंही कपाळ फुटत होतं, संध्याकाळी देवापुढचा दिवा लावायला चाचपडत होते. मग सवय झाली. सहा वर्षांत कागदावरचा आकडा तिथल्या तिथं आहे. त्याच यंत्रावर, धडा न विचारता.

झुंबर: मला सांगितलं नाहीस.

गोजराबाई: तू विचारलं नाहीस. आपल्या घराण्यात कुणी काही विचारतच नाही. ठेचासुद्धा नाही. पण सांगायला मीच हवं होतं. तुला सहा वर्षांपूर्वी इथं आणून निजवलं असतं, तर डावाही राहिला असता. तेवढं माझ्याकडून राहिलं.

चंद्रभागा: आक्का, असं नका म्हणू. आले नसते हे. आताही कसे आणलेत ते मला माहीत. तुमच्या घरी पूजा आहे असं खोटं सांगून आणलंय.

झुंबर: पूजा नाय?

चंद्रभागा: चार दिवसांत कुठं दिसली?

झुंबर: मला वाटलं, डावीकडं कुठंतरी असंल.

गोजराबाई: हसलास ते बरं झालं. आता बोल. दोनच्या गाडीनं जातोस, की राहतोस?

झुंबर: काटा खरा होता, आक्का. मी डोळ्यानं शून्य बघितलं. खऱ्या काट्यानं सांगितलेलं माप मी नाकारलं, तर उद्या माझं माप कोण मानणार? राहतो. आठ दिवसांनी परत तोलू दे. पण धडा मी विचारणार.

गोजराबाई: विचार. डॉक्टर वाटच बघत असतील. आणि बिल्ल्याचं म्हणशील, तर गेल्यावर तूच होऊन सांग समितीला. काटा दिसतो तोवर काट्यावर उभा राहा, आणि डाव्या बाजूला त्या धोंडीरामाला उभं कर, शेळ्या हाकायला. आता जा घरी तुम्ही दोघं. माझी पाळी सुटायला पाच वाजतील. किल्ली सुलाबाईकडे आहे. तीन वाजता थेंब. चंद्रभागा, घालशील ना?

चंद्रभागा: घालीन. सुईत दोरा जात नाही, पण एवढा मोठा डोळा चुकणार नाही.

गोजराबाई: खालची पापणी ओढायची आणि आत सोडायचा. मग मिनिटभर डोळा मिटून ठेवायचा. बाटली माठाजवळ गारव्याला ठेव. आणि तू रे, रस्त्यानं जाताना मान वळवून वळवून बघायचं. डोळा जे देत नाही ते मानेनं मिळवायचं. रिक्षा, सायकल, दाराची चौकट, सगळं.

झुंबर: बरं बरं. चल गं. आणि मागं राहू नको. तीन वर्षं झाली, कुठंबी निघालो की ही मागं. बाजारात, लग्नात, एसटीवर. वळून वळून हाका मारायच्या.

चंद्रभागा: मी मागं नव्हते.

झुंबर: मग कुठं होतीस?

चंद्रभागा: इथंच. तुमच्या डावीकडं. लग्नात बसवलं होतं तिथं. तुम्ही माझं नाव घेऊन हाका मारायचात आणि मी शेजारून ओ द्यायची. मला वाटायचं, लोकांत बायको बरोबरीनं चाललेली यांना आवडत नाही, म्हणून मुद्दाम करतात.

झुंबर: हेबी विचारलं नाहीस.

चंद्रभागा: नाही विचारलं.

झुंबर: मग आता उजवीकडं ये. दिसशील तरी.

चंद्रभागा: मी नाही बाजू बदलणार. पस्तीस वर्षांची सवय आहे. मान वळवा म्हणाल्यात ना आक्का? वळवा. अजून थोडी. आता दिसते का?

झुंबर: दिसती. चपलेचा अंगठा तुटलाय तुझा. टाचणी लावून चाललीस. कधीपासून?

चंद्रभागा: दिवाळीपासून.